दात काढून घेतलेली मांजरे

पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्रात दधिकर्ण नावाचे एक मांजर आहे. राहत्या ढोलीवरून कपिंजल नावाचा तित्तिर पक्षी आणि शीघ्रग नावाचा ससा यांच्यात भांडण जुंपते. निवाड्याला त्रयस्थ हवा, म्हणून दोघे नदीकाठी तपाला बसलेल्या या मांजराकडे जातात. मांजर म्हणते, वय झाले, कानांनी नीट ऐकू येत नाही, जरा जवळ या. दोघे जवळ जातात आणि दधिकर्ण दोघांनाही गट्ट करतो. विष्णुशर्म्याने ही गोष्ट राजपुत्रांना शहाणे करण्यासाठी सांगितली, असे तो ग्रंथच म्हणतो. मामल्लपुरमच्या सातव्या शतकातल्या भव्य शिल्पपटावरही एक मांजर पुढचे पाय उंचावून तप करते आहे आणि त्याच्या आसपास उंदीर आहेत. ढोंगी, चतुर, भुकेले मांजर आपल्याकडच्या लहानथोरांच्या इतक्या जुन्या ओळखीचे आहे.

आता १९७४ सालच्या जपानमध्ये येऊ. सॅन्रिओ या कंपनीसाठी युको शिमिझू या चित्रकर्तीने एक पांढरे मांजर काढले. डोक्यावर लाल फीत, मिश्यांच्या सहा रेघा आणि डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. तोंड मात्र नाही. ते आधी झळकले चिल्लर ठेवायच्या छोट्या पाकिटावर. ‘हॅलो किटी’ गोष्टीतून बाजारात गेली नाही, ती बाजारातच जन्मली आणि गोष्टी तिला नंतर चिकटवल्या गेल्या. २०१४ साली लॉस एंजेलिसमधल्या एका संग्रहालयात तिचे प्रदर्शन भरणार होते. त्याची तयारी करणाऱ्या क्रिस्टीन यानो या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना कंपनीने सांगितले की किटी हे मांजर नाहीच, ती एक लहान मुलगी आहे, लंडनच्या उपनगरात राहते आणि तिने स्वतःच एक मांजर पाळले आहे. जगभरचे चाहते हबकले. मला मात्र हा खुलासा अगदी प्रामाणिक वाटतो. मुलांच्या करमणुकीतले बहुतेक गोंडस प्राणी हे प्राण्याचे कातडे पांघरलेले मूलच असते. सॅन्रिओने ते उघड बोलून दाखवले, एवढेच.

दधिकर्णाचे दात कोणी काढले आणि कोणासाठी काढले, हा या लेखाचा प्रश्न आहे. सगळे म्हणतात मुलांसाठी. मला ते पटत नाही.

युरोपातली जुनी मांजरेही काही साधी नव्हती. शार्ल पेरोने १६९७ साली छापलेल्या गोष्टीतले बूट घातलेले मांजर अट्टल लबाड आहे. ते राजाला फसवते, राक्षसाला उंदीर व्हायला लावून खाऊन टाकते आणि दरिद्री मालकाचे लग्न राजकन्येशी लावून देते. १८६५ च्या ‘ॲलिस’मधले चेशायर मांजर हसता हसता विरून जाते आणि उत्तर सरळ कधीच देत नाही. बीट्रिक्स पॉटरबाईंची चित्रे आज आपल्याला किती कोवळी वाटतात! पण त्यांच्या पीटर सशाच्या बापाचे काय झाले, ते आई पहिल्याच पानांत पोरांना सांगते: शेजारच्या माळ्याच्या बायकोने त्याला पाईत घातले. पॉटरबाई निसर्गाच्या अभ्यासक होत्या, अळंब्यांची त्यांची चित्रे आजही जाणकार वाखाणतात. ससा शिजतो हे त्यांना ठाऊक होते आणि ते मुलांपासून लपवावे असे त्यांना वाटले नाही. गंमत म्हणजे प्राण्यांच्या पात्रांचा व्यापार सुरू करणाऱ्यांतही त्याच पुढे होत्या. पुस्तक बाजारात आले १९०२ साली आणि पीटरच्या बाहुलीची त्यांनी रीतसर नोंदणी केली ती पुढच्याच वर्षी.

सिनेमा आला तेव्हा पहिला मोठा प्राणी-नट मांजरच होता. काळा फेलिक्स १९१९ साली पडद्यावर आला. गरज पडेल तशी तो आपल्या शेपटीची काठी, शिडी, काहीही करी. १९२८ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये दूरचित्रवाणीचे प्रयोग चालू होते, तेव्हा प्रखर दिव्यांसमोर तासन्‌तास फिरत ठेवायला माणूस मिळेना, म्हणून फेलिक्सची बाहुली फिरत्या तबकडीवर उभी केली होती. टीव्हीवर दिसलेल्या पहिल्या काही चेहऱ्यांत एक मांजर आहे! १९४० साली हॅना आणि बार्बेरा यांनी एमजीएमसाठी टॉम आणि जेरी आणले (पहिल्या चित्रपटात टॉमचे नाव जॅस्पर होते) आणि पुढे त्या जोडीने सात ऑस्कर मिळवली. टॉमला दात आहेत, नखे आहेत, भूक आहे. तो हरतो ही गोष्ट वेगळी. १९५७ मध्ये डॉक्टर स्यूस यांनी अवघ्या २३६ निरनिराळ्या शब्दांत उंच टोपीतल्या मांजराचे पुस्तक लिहिले. आई घरी नसताना ते येते आणि घर उलथेपालथे करते. लहान मुले ते पुस्तक फाटेपर्यंत वाचतात. मग १९७८ साली गारफिल्ड आला आणि सूर बदलला. विकले जाईल असे पात्र हवे होते, हे त्याचे जनक जिम डेव्हिस यांनी कधी लपवले नाही. आळशी, लठ्ठ, उंदरांच्या मागे न लागणारा हा बोका हपिसातल्या माणसांना जास्त ओळखीचा वाटला.

या बदलाचे मोजमापही झालेले आहे. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९४३ साली मांडले की मोठे डोके, पुढे आलेले कपाळ, मोठे डोळे, गुबगुबीत गाल आणि आखूड हातपाय दिसले की माणसाच्या मनात सांभाळायची ऊर्मी आपोआप जागी होते. ही खूण मुळात मानवी बाळाची, पण आपण तिला कुठेही भुलतो. १९७९ मध्ये स्टीव्हन जे गुल्ड या जीवशास्त्रज्ञाने कॅलिपर घेऊन मिकी माउसची चित्रे मोजली. सुरुवातीचा मिकी सडपातळ, निमुळत्या तोंडाचा, खोडसाळ आणि जरा क्रूरही होता. पन्नास वर्षांत त्याचे वय वाढले, पण शरीर बाळसे धरत गेले. डोक्याच्या लांबीच्या २७ टक्के असलेला डोळा ४२ टक्क्यांवर गेला. स्वभावही तसाच निवळत गेला.

टेडी अस्वलाचे तेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे टेडी खऱ्या अस्वलासारखे लांब तोंडाचे होते. हिंड आणि बार्डन या संशोधकांनी १९८५ मध्ये जुन्या-नव्या टेडींची मापे घेतली, तेव्हा तोंड आखूड आणि कपाळ मोठे होत गेल्याचे दिसले. इथवर सगळे लोरेन्झच्या म्हणण्याप्रमाणे. खरी मौज १९९५ च्या एका ब्रिटिश प्रयोगात आहे. चार, सहा आणि आठ वर्षांच्या मुलांपुढे दोन्ही तऱ्हेचे टेडी ठेवले. सहा-आठ वर्षांच्या मुलांनी बाळमुखी टेडी उचलले. चार वर्षांच्या मुलांना त्याची मुळीच ओढ नव्हती. टेडी ज्यांच्यासाठी म्हणून घेतला जातो ती ही मुले! म्हणजे अस्वलाचे तोंड आखूड झाले ते दुकानात पाकीट उघडणाऱ्या आईबापांच्या, मावश्या-काकांच्या आवडीने.

हा छोटासा प्रयोग मला या सगळ्या चर्चेत सर्वांत मोलाचा वाटतो. लहान मूल स्वतः लहान असते. त्याला सांभाळायला आणखी एक बाळ कशाला हवे? त्याला हवे असते मोठे, बलाढ्य, खोडकर, जरा भीतिदायक काहीतरी. हायाओ मियाझाकींच्या ‘टोटोरो’तली १९८८ ची मांजर-बस आठवा. बारा पायांची, दिवे लागलेल्या डोळ्यांची, कानापर्यंत हसणारी. मोठी माणसे तिला पाहून दचकतात, पोरे आत चढून बसायला बघतात.

गोंडसपणाच्या बाजूनेही बोलायला हवे. हिरोशी निट्टोनो आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की पिल्लांची चित्रे पाहिल्यावर माणसे नाजूक काम अधिक जपून करतात. गोंडस दिसणाऱ्या गोष्टीपाशी हात हळुवार होतो, हे आपण रोज पाहतोच. बालकार्यक्रमांना हा हळुवारपणा हवा असेल तर त्यात वावगे काही नाही. ‘ब्लुई’ या ऑस्ट्रेलियन मालिकेतले कुत्र्यांचे कुटुंब बघावे. त्यात कुत्रेपणा नावालाच आहे, पण आईबापांनी मुलांशी कसे खेळावे हे त्यातून जितके उमगते तितके फार थोड्या कार्यक्रमांतून उमगत असेल. तिथे प्राण्याच्या नावाने प्राणी शिकवल्याचा दावाच नाही.

दावा केला की अडचण येते. प्राण्यांच्या गोष्टींतून मुले चांगल्या सवयी शिकतात, हा आपला पक्का समज. टोरांटोतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये तो तपासला. चार ते सहा वर्षांच्या काही मुलांना वाटून घेण्याविषयीची रकूनच्या पिल्लाची गोष्ट वाचून दाखवली, काहींना तीच गोष्ट माणसांची पात्रे घालून. नंतर स्टिकर वाटायला सांगितले. माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी आधीपेक्षा जास्त वाटले, रकूनची ऐकलेल्यांनी कमी. त्याच वर्तुळातल्या पॅट्रिशिया गानिया यांच्या २०१४ च्या अभ्यासात, प्राणी माणसासारखे बोलतात-वागतात अशा पुस्तकांतून मुलांनी त्या प्राण्यांबद्दलची खरी माहिती कमी उचलली आणि माणसाच्या भावना मात्र प्राण्यांना सढळ हाताने चिकटवल्या. दोन-तीन अभ्यासांवर सगळे बालसाहित्य मोडीत काढू नये. ‘प्राण्यांच्या गोष्टी म्हणजे आपोआप संस्कार’ हे म्हणणे मात्र आता मागे घ्यायला हरकत नाही.

ऑस्ट्रेलियात तर याला फार व्यावहारिक वळण लागले. ‘पेपा पिग’ ही ब्रिटिश मालिका. तिच्या एका भागात कोळ्याला घाबरायचे नसते, तो बिचारा फार लहान असतो, असे मुलांना समजावले आहे. इंग्लंडमध्ये ते ठीक. जिथे काही कोळी खरोखर विषारी आहेत, त्या देशातल्या सार्वजनिक वाहिनीने तो भाग दाखवणे बंद केले. आपल्याकडे तितके जिवावरचे काही नाही, पण बशीतले दूध पिणारे मांजर प्रत्येक कार्टूनमध्ये असते आणि आपल्या म्हणींतही असते. वाढ झालेल्या मांजरांपैकी बहुतेकांना दूध नीट पचत नाही, पशुवैद्य ते देऊ नका म्हणून सांगतात. मांजर पक्के मांसाहारी आहे. ज्वारीच्या कणगीपाशी राखण करणारे मांजर कशावर जगत होते, हे आपल्या आज्यांना सांगावे लागले नसते.

सर्वांत मोठी किंमत मोजली ती खऱ्या प्राण्यांनी. जपानमध्ये १९७७ साली ‘रास्कल’ या रकूनची मालिका वर्षभर चालली. मूळ गोष्ट अमेरिकेतली, एका मुलाची आणि त्याने पाळलेल्या पिल्लाची. जपानी घराघरांत रकून हवा झाला आणि उत्तर अमेरिकेतून त्यांची आयात सुरू झाली. पिल्लू वर्षभरात मोठे होते, चावते, ओरबाडते, कुलपे उघडते. मालिकेच्या शेवटी मुलगा रकूनला रानात सोडतो, म्हणून लोकांनीही सोडले. आज जपानभर पसरलेले हे प्राणी मका-टरबुजांची शेते फस्त करतात आणि जुन्या देवळांच्या लाकडी माळ्यांवर बिऱ्हाड थाटतात. २००५ मध्ये परक्या आक्रमक प्रजातींविरुद्धचा कायदा लागू झाला तेव्हा रकून त्यात आलाच. गोंडसपणाचे हे बिल पन्नास वर्षे झाली तरी फिटलेले नाही.

‘निंजा टर्टल्स’च्या लाटेत ब्रिटनमध्ये लाल कानांची अमेरिकी कासवे अशीच घरोघर आली आणि मोठी झाल्यावर तळ्यांत पडली. १९९७ मध्ये युरोपीय संघाने त्यांची आयात थांबवली. भारतातही ती काचेच्या पेटीसाठी विकली जातात. नाण्याएवढे पिल्लू पुढे ताटाएवढे झाले की कोणीतरी ते जवळच्या तलावात सोडून देतो आणि देशी कासवांच्या वाट्याला एक दांडगा शेजारी येतो.

अशा प्रत्येक कथेवर विश्वास ठेवावा असेही नाही. ‘फाइंडिंग नीमो’नंतर पट्टेरी क्लाउनफिशची विक्री बेसुमार वाढली, ही गोष्ट इतकी फिरली की ती सिद्ध झाल्यासारखी बोलली जाते. २०१७ च्या एका अभ्यासाने आकडे तपासले, तर तसा ठोस पुरावा सापडला नाही. हॅरी पॉटर आणि घुबडांचेही तसेच दुहेरी आहे. २०१० मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी भारतातल्या घुबडांच्या चोरट्या व्यापाराला पॉटरवेड हातभार लावते असे म्हटले होते. पण आपल्याकडे घुबड मरते ते मुख्यतः जादूटोण्यापायी, दिवाळीच्या आसपास. त्याचा दोष हॉगवर्ट्सला देता येणार नाही.

गोव्यातल्या एका गोष्टीचा दोष मात्र चेहऱ्याकडेच जातो. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीची जाहिरात तिथे चित्रित झाली. लहान मुलगा पुढे, त्याच्या मागे मागे एक पग. ती बालकार्यक्रम नव्हती, पण त्या काळी ती पाहिली नाही असे शहरी मूल मिळणे कठीण. पाहता पाहता पग हा मध्यमवर्गीय सोसायट्यांतला मानाचा कुत्रा झाला. चपटा चेहरा, बटबटीत डोळे, मोठे कपाळ हे लोरेन्झचे बाळ चित्रात न काढता पिढ्यानुपिढ्यांच्या पैदाशीतून जिवंत हाडामांसावर कोरलेले आहे. त्या चपट्या नाकातून श्वास पुरत नाही आणि आपला एप्रिल-मे त्याला सोसत नाही. पर्शियन मांजरांचे हाल याच जातीचे. टेडीचे तोंड आखूड केले तर कापूस तक्रार करत नाही.

फ्रान्सच्या फ्रांक कुर्शां या संशोधकांनी २०१८ मध्ये आणखी एक बाजू दाखवली. फ्रान्समध्ये २०१० या एका वर्षात सोफी नावाचे रबरी जिराफ आठ लाखांच्या आसपास विकले गेले. आफ्रिकेत उरलेले खरे जिराफ त्याच्या आठव्या हिश्श्याइतकेही नव्हते. खेळण्यांत, डब्यांवर, जाहिरातींत रोज इतके वाघ-सिंह-जिराफ दिसतात की ते संपत आले आहेत हे मनाला पटतच नाही. वाघाचे चित्र वापरणाऱ्या कंपन्यांनी त्याच्या संवर्धनासाठी काही रक्कम द्यावी, असे त्यांनी सुचवले. सूचना रास्त आहे आणि ती मनावर घेणाऱ्यांची रांग लागलेली नाही.

मराठी घरांतल्या टीव्हीवरचे सर्वांत मोठे मांजर अर्थातच जपानी आहे. डोरेमॉन १९६९ च्या अखेरीस जपानी मुलांच्या मासिकांतून आला आणि २००५ पासून आपल्याकडे हिंदीत बोलू लागला. तो बाविसाव्या शतकातला यंत्रमांजर, उंदराने कान खाल्लेला, उंदराला घाबरणारा. गोल, निळा, पूर्ण गोंडस. तरी मी त्याला किटीच्या पंक्तीत बसवणार नाही. तिथे मांजर बाळ आहे, इथे मांजर पालक आहे. बाळ आहे तो नोबिता. डोरेमॉन रागावतो, थकतो, चुकीचे यंत्र देतो, आणि नोबिताने लबाडी केली की ती त्याच्यावरच उलटू देतो. आईबाप ‘मुले हिंदी बोलायला लागली’ म्हणून त्याच्यावर चिडतात, ते मराठीत काय दाखवता येईल याचा विचार न करता.

आपल्याकडची निर्मिती मोठी आहे, पण या बाबतीत आळशी. मुंबईच्या कॉसमॉस-मायाने सोनी येसाठी केलेले ‘हनी बनी का झोलमाल’ हे जुळ्या मांजरांचे कार्टून लोकप्रिय आहे. त्यात धावपळ भरपूर, मांजर शून्य. हनी-बनीच्या जागी दोन माकडे किंवा दोन पोरे घातली तरी एक दृश्य बदलावे लागणार नाही. त्यातला पोपट घरातला. प्रत्यक्षात आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे बहुतांश मराठी घरांना अजून माहीत नाही.

उजवे उदाहरण आहे निखिल अडवाणी यांचा ‘दिल्ली सफारी’. पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सने केलेल्या या चित्रपटाला २०१२ चा सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बोरिवलीच्या जंगलातला बिबट्याचा बछडा, इमारतींसाठी आलेल्या बुलडोझरपुढे मेलेला त्याचा बाप, आणि दाद मागायला दिल्लीला निघालेले प्राणी. चित्रपट सगळीकडे जमलेला नाही, गाणी मध्येच येतात, विनोद ताणलेले आहेत. पण बछडा गोंडस असूनही तो कुठल्या जंगलातला आणि ते जंगल कोण खाते आहे, हे मुलाला कळते. पडद्यावरचा प्राणी आणि खिडकीबाहेरचा प्राणी यांची गाठ घालणारे असे काम आपल्याकडे दुसरे चटकन आठवत नाही.

ही गाठ घालण्यासाठी जपानकडे पाहायची गरज नाही. पालघर-ठाण्याचा वारली समाज वाघोबाला देव मानतो, त्याच्या लाकडी मूर्ती पुजतो, आणि तो ढोरे नेतो हेही जाणतो. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यातले मूल बिबट्याला बघीरा समजत नाही. संध्याकाळी एकट्याने शेतावर जायचे नाही, हे त्याला कोणत्याही मालिकेने शिकवलेले नाही. भीती आणि आपलेपणा एकाच प्राण्याबद्दल वाटू शकतो, हे तिथे घरातच कळते. मराठी बालसाहित्याने हे अनुभव फार थोडे वापरले. आमच्या मुलांचा सर्वांत लाडका बोक्या हा दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे, आणि तो तर सरळ मुलगाच आहे. किटीपेक्षा तो प्रामाणिक.

जगातली सर्वांत लहान रानमांजर जिथे राहते त्या प्रदेशांत महाराष्ट्र आहे. तिला वाघाटी म्हणतात. वजन एक-दीड किलो, अंगावर तांबूस ठिपके, डोळे मोठे. लोरेन्झच्या यादीतले सगळे गुण तिच्यात आहेत आणि शिवाय दातही शाबूत आहेत. उंदीर, पक्षी, सरडे यांवर ती जगते, म्हणजे शेतकऱ्याच्या कामाचीही आहे. भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून ती कुठे नाही. एका दिवाळी अंकाच्या बालविभागात, एका चित्रपुस्तकात, एका मराठी कार्टूनमध्ये तिला नायिका करायला काय हरकत आहे? फक्त तिला फीत बांधू नका, आणि उंदीर खाल्ला तर खाऊ द्या.

तोवर एक करता येईल. ऊसतोडणीच्या दिवसांत वाघाटीची पिल्ले फडात सापडतात आणि लोक ती बिबट्याची किंवा पाळण्याजोगी समजून उचलतात. आई बहुधा जवळपासच असते. पिल्लू दिसले तर हात लावू नका, फोटोसाठी गर्दी करू नका आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा.